एक तारीख आणि नव्वद दिवस

इथे काहीही विकायचं नाही, हा पहिला नियम. कुणी सांगितलेला आकडा दाराबाहेर न्यायचा नाही, हा दुसरा. तिसरा नियम कुठे लिहिलेला नसतो, तो बसल्या बसल्या कळतो: ज्यानं आधी स्वतःचं काहीतरी फसलेलं सांगितलं, त्यालाच पुढे बाकीचे खरं सांगतात. जो आपल्या कंपनीची घोडदौड ऐकवतो त्याला टाळ्या मिळतात. माहिती मिळत नाही.

बाणेरमधल्या एका को-वर्किंग ऑफिसात शनिवारी सकाळी ही मंडळी जमतात. काचेची खोली, चाकांच्या खुर्च्या, कोपऱ्यात पोहे आणि कागदी कप. वीसएक जण. बहुतेक तिशीतले, दोघं-तिघं पन्नाशी ओलांडलेले. एकाची कंपनी अकरा माणसांची, एकीची चार, एकाची ऐंशी. एक जण अजून नोकरीतच आहे आणि त्याच्या साहेबांना याचा पत्ता नाही, म्हणून फोटोच्या वेळी तो पोह्यांच्या टेबलाकडे सरकतो. पांढऱ्या फळ्यावर हिरव्या मार्करनं तीन शब्द लिहिलेले: लीडरशिप, मार्केटिंग, एआय.

नवे उद्योजक एकमेकांकडून काय शिकतात ते जाऊन बघा, असं संपादकांनी या अंकासाठी सांगितलं होतं. फळा बघून वाटलं, उपशीर्षकं आयतीच मिळाली. पण पुण्यात आणि नंतर छत्रपती संभाजीनगरात अशा बैठकांना बसत गेलो, तसतसं एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. चर्चा कुठल्याही विषयावर सुरू होवो, अर्ध्या तासात ती एकाच ठिकाणी येते. पगार महिन्याच्या एक तारखेला द्यायचा असतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात. या दोन तारखांच्या मधल्या धावपळीला ही मंडळी कधी नेतृत्व म्हणतात, कधी मार्केटिंग, कधी तंत्रज्ञान.

त्यांची नावं लेखात नाहीत, कारण ती अटच होती. गिऱ्हाईक कंपन्यांची नावंही नाहीत. 'त्यांनी वाचलं तर राहिलेलं पेमेंटही जाईल,' असं एकानं हसत सांगितलं. हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं.

कट्टे तऱ्हेतऱ्हेचे

धंदेवाल्यांनी एकत्र बसून बोलणं नवं नाही. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे. कारखानदार तिथे सरकारकडे मागण्या मांडायला, कर आणि कामगार कायदे समजून घ्यायला जमत आले. 'टाय' ही संस्था १९९२ साली सिलिकॉन व्हॅलीत निघाली. तिकडे स्थिरावलेल्या आपल्या लोकांनी नव्यांचा हात धरावा, ही त्यामागची कल्पना. पुण्या-मुंबईत तिच्या शाखा आहेत आणि तिथल्या कार्यक्रमांना गळ्यात पट्टा अडकवून जायचं असतं.

'बीएनआय'चा थाट आणखी निराळा. आठवड्यातून एकदा भल्या सकाळी नाश्त्याला भेटायचं, एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचा, प्रत्येकानं मिनिटभरात आपला धंदा सांगायचा आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. माधवराव भिडे यांनी सुरू केलेला 'सॅटर्डे क्लब' मराठी उद्योजकांसाठी साधारण हेच करतो. खानावळवाला, इंटिरियरवाला, विमा एजंट, सीए यांचं तिथे उत्तम जमतं, कारण त्यांचं गिऱ्हाईक गावातच असतं आणि ओळखीनं मिळतं.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याची अडचण अशी, की त्याचं गिऱ्हाईक त्या नाश्त्याच्या टेबलावर नसतंच. ते चाकणच्या कारखान्यात असतं, नाहीतर ह्यूस्टनमध्ये. त्याला ओळखीपेक्षा जास्त गरज असते ती अशा माणसाची, ज्याला कालच नेमका तोच खड्डा लागला. २००७ साली लंडनमध्ये सॉल क्लाइन या गुंतवणूकदारानं 'ओपन कॉफी' नावाचा साधा प्रकार सुरू केला. कुणीही यावं, कॉफी प्यावी, बोलावं. ना अध्यक्ष, ना वर्गणी. पुण्यातही त्याच नावाचा गट लवकरच उभा राहिला आणि आज गावोगाव दिसणारे फाउंडरांचे अनौपचारिक कट्टे बहुतेक त्याच वळणाचे आहेत. मी बसलो तो गट त्यांतलाच एक, बिननावाचा. त्याचं अस्तित्व म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि शनिवारची खोली. खोलीचं भाडं आळीपाळीनं भरतात आणि ते कुणी भरायचं यावरच सगळ्यात जास्त मेसेज पडतात.

मित्राला सांगायचं कसं

लीडरशिपच्या तासाची सुरुवात अपेक्षेप्रमाणे कॅलिफोर्नियातून झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार्टअप गुंतवणूकदार पॉल ग्रॅहम यांनी 'फाउंडर मोड'वर निबंध लिहिला. एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्की यांच्या भाषणावरून त्यांना तो सुचला होता. चांगली माणसं नेमा आणि त्यांना मोकळं सोडा, हा सल्ला संस्थापकांना बुडवतो, कंपनी मोठी झाली तरी संस्थापकानं तपशिलात हात घालत राहावं, असं त्याचं सार. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तो वाचलेला होता. पाच मिनिटं त्यावर रंगात चर्चा झाली. मग चार माणसांची कंपनी चालवणारी बाई म्हणाली, 'मी मोकळं सोडायचं म्हटलं तरी सोडणार कुणाला? जीएसटी मीच भरते, पाण्याचा कॅन मीच मागवते.' तिथे कॅलिफोर्निया संपलं.

कामाचे तास हा दुसरा हमखास विषय. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हापासून तो मिटलेला नाही. त्यांची इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच सुरू झाली, पत्नी सुधाताईंनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. दोन वर्षांनी तिनं मुक्काम बंगळुरूला हलवला. पुणेकरांना ही रुखरुख अजून आहे, त्यामुळे मूर्तींचं नाव निघालं की कुणीतरी ती आठवण काढतंच. या खोलीतलं मत मात्र सरळ होतं: संस्थापकानं सत्तर तास करावेत, तो करतोच. पण वीस हजारांवर आलेल्या मुलाकडून ते मागायचे असतील, तर त्याला कंपनीत वाटा द्या.

वाट्याचा शब्द निघाला आणि बोलणं खरं व्हायला लागलं. तोपर्यंत गप्प असलेल्या एकानं सांगितलं, की कॉलेजपासूनचा मित्र त्याचा को-फाउंडर होता. दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. चौदाव्या महिन्यात मित्राला बँकेत चांगली नोकरी लागली आणि तो गेला. भांडण नाही, तंटा नाही. घरी लग्न ठरलेलं, हप्ते सुरू झालेले. पण निम्मी कंपनी अजून त्याच्या नावावर आहे. आता गुंतवणूकदार विचारतात, जो माणूस इथे कामच करत नाही त्याच्याकडे पन्नास टक्के कसे?

यावरचा उपाय पुस्तकात आहे. वाटा एकदम द्यायचा नाही, चार वर्षांत थोडा थोडा हक्काचा करायचा. पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळणार नाही, असा करार पहिल्याच दिवशी करायचा. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. किती जणांनी केलाय, असं मी विचारलं तेव्हा हात वर झाले ते बोटांवर मोजण्याइतके. मित्राच्या तोंडावर स्टॅम्प पेपर ठेवायचा कसा, हा प्रश्न कुठल्याच निबंधात सुटलेला नाही.

त्यावर पन्नाशीतल्या एका गृहस्थांनी युक्ती सांगितली. हे पूर्वी एका मोठ्या कंपनीत होते, मग स्वतःची काढली, विकली आणि आता दुसरी चालवतात. 'करार तुम्ही काढू नका. सीएला काढायला सांगा. सीए म्हणाले, बँक मागते, असं म्हणा. मित्र सीएवर चिडत नाही.' चार-पाच जणांनी ते फोनमध्ये टिपून घेतलं. नेतृत्वावरचं त्या सकाळचं सर्वांत उपयोगी वाक्य हेच, असं मला वाटतं, आणि ते कुठल्याही भाषणात येणार नाही.

मग पगार. एका महिन्यात पैसे आलेच नाहीत तर सांगायचं की नाही? एक म्हणाला, आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून खरं सांगितलं; दोन जण महिन्याभरात सोडून गेले. दुसरा म्हणाला, बायकोच्या सोन्यावर कर्ज काढून एक तारीख पाळली आणि कुणाला कळू दिलं नाही. माणसं टिकली, पण घरी आजही तो विषय निघाला की जेवण थंड होतं. कुणाचं बरोबर, यावर एकमत झालं नाही. दोघांचंही कारण मात्र सारखंच होतं. काम पूर्ण झालं होतं, बिल दिलं होतं, गिऱ्हाइकानं पैसे अडकवले होते.

पेटी, नांगर आणि वीस रुपये

मार्केटिंगवर सगळ्यांनाच बोलायचं असतं. त्यात एक घोळ हमखास होतो: दोन कोटी लोकांना माल विकणाऱ्या कंपनीचे धडे दहा गिऱ्हाइकांना विकणारा माणूस घेत बसतो. झिरोधाचं उदाहरण प्रत्येक बैठकीत निघतं. २०१० साली कामत बंधूंनी सुरू केलेली ही दलाली कंपनी जाहिरातीवर खर्च न करता वाढली. व्यवहाराला वीस रुपयांची सपाट दलाली आणि शेअर बाजाराचे फुकट धडे, एवढ्यावर लोक येत गेले. 'मग आपणही जाहिरात नको करूया' हा त्यातून काढलेला निष्कर्ष सोयीचा आहे, कारण जाहिरातीला पैसे कुणाकडेच नसतात. पण झिरोधाची जाहिरात तिची किंमतच होती. जुने दलाल टक्क्यांत पैसे घेत होते, त्यामुळे वीस रुपये ही बातमी झाली. तुमची किंमत बातमी होण्याइतकी वेगळी आहे का, हा खरा प्रश्न, आणि तो त्या खोलीत फार थोड्यांनी स्वतःला विचारला.

पुण्यातलंच उदाहरण हवं तर फर्स्टक्राय. २०१० साली सुरू झालेली ही कंपनी ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. बाळाचे कपडे आणि डायपर कुणाला लागतात, हे शोधायला त्यांनी इंटरनेटवर जाळं टाकण्यावर भागवलं नाही. प्रसूतिगृहांत नव्या आयांना भेटीची पेटी द्यायला सुरुवात केली. बाळाच्या दोन-चार वस्तू, सोबत खरेदीची कुपनं. पुढची तीन-चार वर्षं कोण गिऱ्हाईक असणार, हे ज्या इमारतीत त्या दिवशी नक्की होतं तिथेच जाऊन उभं राहणं, हे त्यातलं शहाणपण. खोलीतल्या एकानं, जो सोसायट्यांचे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर विकतो, हे लगेच उचललं. नव्या सोसायटीचं नोंदणीचं काम करणाऱ्या वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसायचं त्यानं ठरवलं.

मला स्वतःला मात्र शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर दोनएक वर्षं विकले गेले नाहीत असं सांगतात. लोखंडानं जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. पुढे शंकरराव किर्लोस्कर, जे मुळात चित्रकलेकडे गेलेले, त्यांनी किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या जाहिरातीचं काम अंगावर घेतलं आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं. मालाची माहिती देणारं घरचं पत्रक म्हणून ते निघालं आणि मराठी मध्यमवर्गाचं मासिक होऊन बसलं. मग १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर आणि पंपाच्या कारखान्यातून मराठीतली तीन महत्त्वाची मासिकं निघाली. आज 'कंटेंट मार्केटिंग'वर पैसे घेऊन शिकवणारे लोक आहेत. त्यांतल्या कुणी किर्लोस्करवाडीचं नाव घेतल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

शेतीशी संबंधित ॲप काढणारा एक नाशिककडचा फाउंडर त्या दिवशी आला होता. द्राक्षावर कुठली फवारणी कधी करायची ते हवामानाच्या आकड्यांवरून सांगणारं त्याचं यंत्र आहे. मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या 'किसान' प्रदर्शनात त्यानं स्टॉल लावला. गर्दी भरपूर, कौतुक भरपूर, कापडी पिशव्या पहिल्या दिवशीच संपल्या. विक्री फारशी नाही. कारण त्याला नंतर कळलं. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग ऐन भरात, खर्चाची तोंडमिळवणी आधीच होऊन गेलेली. पैसा हातात येतो तो माल गेल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला देणारा माणूस गावात आधीपासून आहे: कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. तो औषधही देतो आणि माल विकला जाईपर्यंत उधारही ठेवतो. 'माझं यंत्र त्याच्यापेक्षा अचूक आहे,' हा म्हणाला, 'पण ते उधार देत नाही.' आता तो यंत्र शेतकऱ्याला विकत नाही. निर्यातदारांना विकतो, ते शेतकऱ्याकडे बसवतात आणि पैसे मालाच्या हिशेबात वळते करतात. निर्यातदार त्याला किती दिवसांनी देतात, असं विचारल्यावर त्यानं फक्त मान हलवली.

सोशल मीडियाबद्दल दोन वाक्यं पुरेत. बहुतेक जण रोज सकाळी नोकरशाही शिस्तीनं लिंक्डइनवर काहीतरी प्रेरणादायी लिहितात आणि त्यातून गिऱ्हाईक मिळत नाही, नोकरी मागणारे मिळतात, हे एकमेकांशी कबूल करतात. सोमवारी पुन्हा लिहितात.

एक निरीक्षण मात्र नोंदवायला हवं. त्या चार माणसांच्या कंपनीच्या संस्थापक बाईला त्या सकाळी दोघांनी विचारलं, 'तुम्ही मार्केटिंग बघता का?' ती संगणक अभियंता आहे, उत्पादन तिनं स्वतः लिहिलंय. गुंतवणूकदारांकडेही हेच होतं, वर लग्नाचं आणि मुलांचं विचारतात, असं ती चहाच्या वेळी म्हणाली. तिचा बायकांचा वेगळा ग्रुप आहे. तिथे काय बोलतात, हे तिनं मला सांगितलं नाही आणि ते योग्यच होतं.

शहाण्णव ते तेहेतीस

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून तिसरा विषय ठरलेला. कट्ट्यावरचा सूर मात्र वर्तमानपत्रातल्यापेक्षा वेगळा असतो. यंत्र माणसाला गिळणार का, हे इथे कुणी विचारत नाही. महिन्याचं बिल किती आलं, हे विचारतात.

ते बिल कसं बनतं हे थोडं समजून घ्यायला हवं. ही यंत्रं मजकूर अक्षरांत किंवा शब्दांत मोजत नाहीत. तुकड्यांत मोजतात आणि त्या तुकड्याला टोकन म्हणतात. दर टोकनाला पैसे. इंग्रजीला धरून घडवलेल्या जुन्या पद्धतीत देवनागरीचे फार बारीक तुकडे पडत, म्हणजे तेच वाक्य मराठीत महाग. मे २०२४ मध्ये ओपनएआयनं नवं मॉडेल आणताना एका नमुना वाक्याचे आकडे दिले होते. इंग्रजीत ते वाक्य आधी २७ टोकनांचं होतं, नव्यात २४. मराठीत आधी ९६, नव्यात ३३. मराठीत बोलणारा मदतनीस बनवणाऱ्या कंपनीचा खर्च जवळजवळ एक तृतीयांशावर आला, तिनं स्वतः काहीही न करता. डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी मराठीत फोन घेणारा बॉट बनवणारा एक फाउंडर म्हणाला, 'त्या दिवशी माझा धंदा शक्य झाला.' मग थांबून म्हणाला, 'आणि त्याच दिवशी माझ्यासारख्या इतर पन्नास जणांचाही.'

हीच मुख्य भीती. दुसऱ्याच्या मॉडेलवर आपला पातळ थर चढवून विकणारी कंपनी किती दिवस टिकणार? मॉडेलवाल्यानंच उद्या ती सोय फुकट दिली तर? यावर खोलीत दोन तट पडले. एक म्हणे, मॉडेल कुणाचंही असो, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट कोणत्या वेळी फोन उचलत नाही हे मला माहीत आहे, ते कॅलिफोर्नियाला नाही. दुसरा म्हणे, हे समाधान एक वर्षाचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकनं मॉडेल खुलं करून दर पाडले, तेव्हा दोन्ही तटांनी तो आपलाच विजय मानला.

पुण्याला आणखी एक चिंता आहे, कारण हे गाव परदेशी कंपन्यांसाठी तासावर काम करून वाढलं. पूर्वी ज्या कामाला सहा माणसं लागत त्याला आता चार लागतील, असं गिऱ्हाईक स्वतःच सांगतं आणि दर उतरवून मागतं. तासावर पैसे घेणाऱ्याचं काम जितकं लवकर होईल तितकं त्याचं उत्पन्न कमी. मग कामावर पैसे घ्यायचे, तासावर नाही, असं सगळे म्हणतात. पण 'काम पूर्ण झालं' हे कोण ठरवणार? गिऱ्हाईक. म्हणजे पैसे अडवायला त्याला एक नवं कारण.

इथेही गाडी त्याच स्थानकात शिरली. एआयचं बिल डॉलरमध्ये येतं आणि क्रेडिट कार्डावरून दर महिन्याला कापलं जातं. त्याला 'जरा पुढच्या महिन्यात बघू' म्हणता येत नाही. पूर्वी सॉफ्टवेअर कंपनीचा खर्च म्हणजे पगार आणि भाडं. पगारवाले आपले असतात, चार दिवस थांबतात. मशीन थांबत नाही.

पंचेचाळीस दिवसांचा कायदा

आता हिशेब. समजा, दहा लाखांचं काम केलं. त्यावर अठरा टक्के जीएसटी, एक लाख ऐंशी हजार. बिल मार्चमध्ये फाडलं तर हा कर एप्रिलमध्ये सरकारात भरावा लागतो, गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत वा नसोत. गिऱ्हाईक जूनच्या अखेरीला देणार, तेही टीडीएस कापून. म्हणजे काम करणारा तीन महिने गिऱ्हाइकाला आपले श्रम उसने देतो, वर त्याचा करही आधी स्वतःच्या खिशातून भरतो. खोलीत नवा आलेला मुलगा हे ऐकून म्हणाला, 'मग वाढलो की जास्त बुडणार?' सगळे हसले. पण अनेक कंपन्या अशाच गेल्या आहेत, ऑर्डर नसल्यामुळे नाही तर मोठी ऑर्डर मिळाल्यामुळे.

कायदा छोट्याच्या बाजूचा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायला लावले. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे व्याज आजवर कुणी मागितलंय का, असं विचारलं तेव्हा खोलीत खसखस पिकली. मागितलं की पैसे मिळतात कदाचित, पुढचं काम मिळत नाही.

१ एप्रिल २०२४ पासून सरकारनं दुसऱ्या बाजूनं दोरी ओढली. प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम लागू झालं. ठरलेल्या मुदतीत छोट्याचे पैसे दिले नाहीत, तर तो खर्च मोठ्या कंपनीला त्या वर्षी नफ्यातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी तो धरला जातो. थोडक्यात, अडवलेल्या रकमेवर आधी कर भरा. कट्ट्यावर याचे जमिनीवरचे परिणाम ऐकायला मिळाले. पहिला: मार्चमध्ये पैसे येतात. उशिरा दिलेले पैसेही आर्थिक वर्ष संपायच्या आत दिले तर कंपनीला फारसा फटका बसत नाही, त्यामुळे वर्षभर पूर्वीसारखंच आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिवाळी. दुसरा: काही खरेदी अधिकारी नव्या पुरवठादाराला हळूच विचारतात, 'तुमची उद्यम नोंदणी आहे का? नसली तर बरं.' छोट्याच्या संरक्षणाचा दाखलाच त्याला अडचणीचा ठरतो.

तिसरी वाट 'ट्रेड्स' नावाच्या मंचांची, रिझर्व्ह बँकेनं परवाने दिलेल्या. पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी कसर कापून पैसे लगेच मिळतात. खरेदीदारानं पुढे बुडवलं तर वसुली पुरवठादाराच्या मागे लागत नाही. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी आता सक्तीची आहे. नोंदणी सक्तीची आहे. बिल मान्य करणं नाही. कागदावर एवढीच फट, आणि सगळे त्यातून घसरतात.

मग माणसं काय करतात? सकाळी फळ्यासमोर हात बांधून बसलेले लोक या विषयावर खुर्च्या ओढून पुढे आले. पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, नंबर नसलेलं बिल पाठवू नका, ते परत येतं ते तिसाव्या दिवशी, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. बिल ईमेलनं पाठवलं तरी पोहोच मागा. काम ज्याच्यासाठी केलं तो साहेब पैसे देत नाही, अकाउंट्समधली व्यक्ती देते. तिचं नाव, तिची जेवणाची वेळ, पैसे सोडायचा वार माहीत करून घ्या. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर बिल गेलं की ते पुढच्या महिन्यात पडतं, म्हणून चोवीस तारखेला अर्धवट कामाचं का होईना, बिल लावा. एक जण म्हणाला, नव्या मोठ्या गिऱ्हाइकाचं काम घेण्याआधी मी त्यांच्या ताज्या फीचरबद्दल नाही, त्यांच्या जुन्या पुरवठादाराबद्दल विचारतो.

(दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी नाही. जाहिरात ऑक्टोबरात छापली जाते आणि तिचे पैसे होळीपर्यंत आले तर संपादक नशीबवान. हे वाक्य संपादकांनी ठेवलं तर त्यांच्या मनाचा मोठेपणा.)

वाळूजची मुलं

छत्रपती संभाजीनगरात चित्र थोडं पालटलं. तिथल्या उद्योजकांच्या संघटनेनं, सीएमआयएनं, 'मॅजिक' नावाचं इनक्युबेशन केंद्र उभं केलं आहे. तिथे भेटलेल्यांपैकी बरेच जण कारखानदारांची मुलं होती. बजाजचा वाळूजचा प्रकल्प आल्यावर त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो छोट्या वर्कशॉप वाढल्या. त्या वर्कशॉप ज्यांनी चालवल्या त्यांची पुढची पिढी आता सेन्सर बसवते, विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करते, यंत्रावरच्या कॅमेऱ्यानं खराब माल वेगळा काढते.

इथे 'फाउंडर मोड' कुणी वाचला नव्हता. पण पुण्यातल्या मुलांना जे तिशीत पहिल्यांदा कळतं ते यांनी घरात जेवताना ऐकलेलं आहे. बिल डिस्काउंटिंग म्हणजे काय, कॅश क्रेडिटची मर्यादा कशी वाढवून घ्यायची, स्टील महागलं की जुन्या दराची ऑर्डर कशी परतवायची. एका मुलानं सांगितलं, पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा तो पेढे घेऊन घरी गेला. वडिलांनी पेढा बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला: 'ॲडव्हान्स किती?' ॲडव्हान्स नव्हता. 'मग बाबा म्हणाले, पेढे परत दे.'

याची दुसरी बाजूही आहे. हीच मुलं गुंतवणूकदाराकडे जायला कचरतात. दुसऱ्याचा पैसा घेऊन दोन वर्षं तोट्यात धंदा करायचा, हे वडिलांच्या हिशेबात बसत नाही. 'आमच्या घरी तोटा झाला की जेवताना कुणी बोलत नाही,' एक म्हणाला, 'पुण्यात तोटा झाला की प्रेझेंटेशन करतात.' त्यामुळे ज्यांनी झपाट्यानं वाढायला हवं होतं अशा दोन-तीन कंपन्या, माझ्या मते, गरजेपेक्षा हळू चालल्या आहेत. वाट बघण्याची सवय ही सुद्धा वारसाहक्कानं येते.

तिथल्या पाच जणांनी एक पद्धत पाडली आहे. महिन्याच्या पंचवीस तारखेला रात्री फोनवर एकत्र यायचं आणि प्रत्येकानं एकच आकडा सांगायचा: आज एकही रुपया आला नाही, तर किती महिने पगार देता येतील. लीडरशिप नाही, मार्केटिंग नाही, एआय नाही. परवानगी घेऊन मीही तो फोन ऐकला. एक म्हणाला सहा. दुसरा चार. तिसऱ्यानं आधी हवामानाबद्दल काहीतरी सांगितलं, मग म्हणाला, दीड.

'कुठं अडकलंय?'

त्यानं कंपनीचं नाव घेतलं, मोठं नाव. एक क्षण कुणी बोललं नाही. मग सहा महिने सांगणारा म्हणाला, 'त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडम बुधवारी पेमेंट काढतात. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, आधी नको. आणि येताना पीओची कॉपी रंगीत काढून ने, काळी-पांढरी त्या घेत नाहीत.'

'रंगीत? का?'

'मला काय माहीत. नेऊन बघ.'